ख्रिस्ती श्रद्धा आणि गुलामगिरी : साक्ष कोणाची?

धर्मांतराची चर्चा निघाली की आपल्या अभ्यासवर्गांत एक प्रश्न हटकून येतो : ख्रिस्ती श्रद्धा माणसाला घोर अन्यायापासून परावृत्त करते काय? एक बाजू मिशनच्या शाळा-दवाखान्यांकडे बोट दाखवते, दुसरी बाजू गोव्यातील इन्क्विझिशनकडे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि नेमक्या म्हणूनच त्यांनी प्रश्न सुटत नाही. सज्जनांची एक यादी आणि दुर्जनांची दुसरी यादी मांडली म्हणजे इतिहास होत नाही. एकाच श्रद्धेची माणसे एकाच अन्यायासमोर उभी असताना कोण थांबले, कोण थांबले नाही आणि का, हे पाहावे लागते. अमेरिकेतील गुलामगिरी हे असे उदाहरण आहे. आणि बुलढाणा जिल्ह्याला ते वाटते तितके परके नाही.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तोवर इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिण भागातून जात असे. तो बंद पडताच व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडकडे वळली. खामगावची पेठ फुगली. १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठीच. आपल्या पणज्या ज्या वावरांत ओटी बांधून कापूस वेचीत होत्या, त्या वावरांतील कापसाला हा भाव आला, कारण गुलामांनी वेचलेला कापूस बाजारात येईनासा झाला होता. १८६० च्या शिरगणतीत अमेरिकेत गुलामांची संख्या ४० लाखांच्या घरात होती. त्यांचे मालक काही पाखंडी नव्हते. ते रविवारी देवळात जात, जेवणापूर्वी प्रार्थना करीत, मुलांना बाप्तिस्मा देत, आणि सोमवारी आईपासून लेकरू तोडून विकीत.

फ्रेडरिक डग्लस हा गुलामगिरीतून पळून मुक्त झालेला पुरुष. १८४५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथेत त्याने एक अनुभव नोंदविला आहे. त्याचा मालक १८३२ साली मेथडिस्टांच्या शिबिरात गेला आणि तेथे धार्मिक झाला. आता तो गुलामांना मुक्त करील किंवा निदान दयेने वागवील अशी डग्लसला आशा होती. घडले उलटे. मालक अधिक क्रूर झाला, आणि चाबूक मारताना शास्त्रवचनाचा आधार देऊ लागला. श्रद्धेने त्याचा हात अडविला नाही. हाताला निमित्त पुरविले.

असे का व्हावे? एक कारण ग्रंथाच्या मालकीत आहे. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी बायबलमधील निवडक भाग छापण्यात आले. त्यातून इस्रायली लोकांच्या इजिप्तमधील दास्यमुक्तीची कथाच गाळली होती. वेदाचा शब्द कानी पडू नये म्हणून आपल्या पूर्वजांवर जी बंदी होती, तिचा हा सुधारलेला अवतार म्हणावा लागेल. येथे ग्रंथ हाती दिला, पण त्यातली मुक्ती काढून घेतली.

दुसरे कारण संस्थेच्या स्वार्थात आहे. अहमदनगरचे अमेरिकन मराठी मिशन आपल्याला परिचित आहे. तेथील मिस फरार यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुल्यांना प्रेरणा मिळाली आणि १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. या मिशनची मातृसंस्था म्हणजे अमेरिकन बोर्ड. नगरच्या मंडळीत ब्राह्मण ख्रिस्ती आणि महार ख्रिस्ती एकत्र बसावेत असा मिशनचा आग्रह होता. परंतु त्याच काळात बोर्डाच्या अमेरिकेतील चेरोकी व चॉक्टॉ आदिवासींच्या मंडळ्यांत गुलामांचे मालक सभासद होते. त्यांना काढावे अशी मागणी झाली, तेव्हा १८४५ साली बोर्डाने भूमिका घेतली की गुलामगिरीची पद्धत वाईट आहे, पण तेवढ्यावरून प्रत्येक मालकाला मंडळीबाहेर ठेवता येणार नाही. म्हणजे पाप समाजाचे, पापी मात्र कोणीच नाही! हा युक्तिवाद आपल्या कानाला ओळखीचा आहे. ‘जातिभेद वाईटच हो, पण आमच्या गावात रीतच तशी’ हे त्याचेच मराठी रूप. नगरमध्ये जातीवर प्रहार करताना बोर्डाला स्वतःचे काही गमवावे लागत नव्हते. अमेरिकेत मात्र स्वतःच्याच माणसांना दुखवावे लागत होते. या भूमिकेमुळे असंतुष्ट झालेल्यांनी १८४६ साली अमेरिकन मिशनरी असोसिएशन ही वेगळी संस्था काढली. त्याच सुमारास, १८४४ साली मेथडिस्ट आणि १८४५ साली बाप्टिस्ट, गुलामगिरीच्याच प्रश्नावर दुभंगले. दोन्ही बाजूंच्या हाती एकच ग्रंथ होता.

मग श्रद्धा निरुपयोगी ठरली काय? तसे म्हणणे अनैतिहासिक होईल. क्वेकर पंथाचे उदाहरण पाहा. १६८८ साली जर्मनटाउन येथील काही क्वेकरांनी गुलामगिरीचा लेखी निषेध केला. तरीही फिलाडेल्फियाच्या क्वेकर सभेने सभासदांना गुलाम बाळगण्यास मनाई केली ती १७७६ साली, म्हणजे ८८ वर्षांनी. या काळात श्रद्धा होती, प्रवचने होती, गुलामही होते. बदल घडला तो श्रद्धेचे नियमात रूपांतर झाले तेव्हा. गुलाम सोडा, नाहीतर सभासदत्व सोडा, असे सांगण्याची हिंमत संस्थेने केली तेव्हा. आणि स्वतः गुलामांनी तोच ग्रंथ आपल्या डोळ्यांनी वाचला, तेव्हा त्यांना मालकाची आज्ञा नव्हे, मोशेची वाट दिसली.

जोतीरावांनी हे मर्म ओळखले. १८७३ सालचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. ख्रिस्ती धर्माला नव्हे, कृती करणाऱ्या माणसांना. मिशनऱ्यांकडून ते शिकले, पण स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला.

येथल्या ख्रिस्ती समाजाची स्थितीही हेच सांगते. गोव्यात चर्चच्या कोन्फ्रारियांमधील मान पिढ्यानपिढ्या जातीवर ठरत आला. बाप्तिस्म्याचे पाणी जातीच्या मुळापर्यंत पोहोचले नाही. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीची डॉ. आंबेडकरांनी चिकित्सा केली, तेव्हा त्यांनी मिशनऱ्यांचे शिक्षण व आरोग्याचे काम मान्य केले. पण धर्म बदलूनही अस्पृश्याची अस्पृश्यता तशीच राहिली यावर नेमके बोट ठेवले.

यातून एक कसोटी हाती येते आणि ती कोणत्याही धर्माला लावता येते. धर्मग्रंथात काय लिहिले आहे हा प्रश्न दुय्यम होय. अन्याय भोगणाऱ्याची साक्ष त्या धर्मसंस्थेत चालते काय, आणि त्या साक्षीवरून आपल्या बलवान सभासदाला दूर करण्याची तिची तयारी आहे काय, हे दोन प्रश्न मुख्य आहेत. जेथे दोन्हींचे उत्तर होकारार्थी आले तेथे श्रद्धेने हात अडविला. इतरत्र तिने हाताला हातमोजा घातला.

ही कसोटी आपल्यालाही चुकणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी नुसती श्रद्धा दिली नाही, २२ प्रतिज्ञा दिल्या. कशाने काय सुटले पाहिजे, हे त्यांनी नेमके सांगितले. आज आपल्या वस्तीतली एखादी सून हुंड्याची तक्रार घेऊन विहारात आली, किंवा आपल्याहून खालची मानली गेलेली जात आपल्याविरुद्ध बोलू लागली, तर तिची साक्ष आपण लिहून घेतो काय? ख्रिस्ती श्रद्धेला प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला जरूर आहे. तो वापरताना याही प्रश्नाचे उत्तर जवळ असले पाहिजे.