सडबरी: होकायंत्र बिघडलं नव्हतं

आज आपण कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या सडबरीकडे वळूया. गोष्ट साधारणपणे 1883 पासून सांगतात. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेसाठी खडक फोडताना गंज चढलेला, तांब्याचा अंश असलेला दगड दिसला आणि खाणी सुरू झाल्या. पण त्याच्या 27 वर्षं आधी, 1856 मध्ये, सॉल्टर नावाच्या सर्वेक्षकाचं होकायंत्र याच भागात भरकटलं होतं. भूवैज्ञानिक अलेक्झांडर मरे यांनी तिथला खडक तपासायला घेतला. त्यात तांबं निघालं, निकेलही निघालं. नोंद झाली आणि अहवालात पडून राहिली. रस्ता नाही, रेल्वे नाही, आणि निकेल घेऊन तरी करायचं काय?

1886 मध्ये सॅम्युएल रिची यांनी कॅनेडियन कॉपर कंपनी काढली. नावच बघा, 'कॉपर'! निकेल ही त्यांच्या लेखी तांबं शुद्ध करताना होणारी कटकट होती. मग 1889 मध्ये ग्लासगोच्या जेम्स रायली यांनी निकेल मिसळलेल्या पोलादाची ताकद दाखवून दिली, युद्धनौकांच्या चिलखती पत्र्यांसाठी आरमारं त्याच्या मागे लागली, आणि कटकटीचंच भांडवल झालं. त्याची किंमत तिथल्या जंगलांनी मोजली. गंधक घालवायला कच्चं खनिज लाकडांच्या ढिगांवर उघड्यावर भाजत. झाडं आधी सरपणासाठी गेली, उरलेली गंधकाच्या धुरानं.

आता मूळ प्रश्न: हा साठा तिथे आला कुठून? बरीच वर्षं उत्तर होतं, खालून वर आलेला शिलारस. 1964 मध्ये रॉबर्ट डिएट्झ यांनी वेगळंच मांडलं. हे अशनीच्या आघाताचं विवर आहे! पुरावा म्हणजे खडकांत उमटलेल्या शंकूच्या आकाराच्या भेगा. अनेकांना ते पटलं नाही. आपल्या लोणारलाही एके काळी ज्वालामुखीचं मुख म्हणतच होते की. आज सडबरीचा आघात सुमारे 185 कोटी वर्षांपूर्वीचा मानतात.

इथे एक गैरसमज हमखास होतो, की निकेल अशनीबरोबर आकाशातून पडलं. तसं नाही. धातू बहुतांशी इथल्याच कवचातले. आघातानं खडक वितळून रसाचा प्रचंड थर झाला. तो निवताना पाण्यातून तेल सुटावं तसे गंधकयुक्त द्रवाचे थेंब त्यातून सुटले. फरक एवढाच, की तेल वर तरंगतं आणि हे जड थेंब तळाला बसले. निकेल आणि तांब्याला गंधकाची ओढ फार, त्यामुळे जाताना ते धातूही गोळा करत गेले. तळाच्या खळग्यांत निकेल साठलं, आणि शेवटी उरलेला तांब्यानं समृद्ध द्रव खालच्या खडकांच्या भेगांत शिरला. म्हणून काही खाणींत मुख्य साठ्याच्या खाली तांब्याच्या शिरा सापडतात.

आणि सॉल्टरचं होकायंत्र? ते भरकटलं ते याच द्रवातून घडलेल्या पायरोटाइट या चुंबकीय खनिजामुळे.