न दिसणाऱ्या व्यंगाचा हक्क

अपंगांच्या शिक्षणाची गोष्ट निघाली की आपणां सर्वांच्या डोळ्यांपुढे अंधाची काठी किंवा पांगळ्याची कुबडी उभी राहते. १९९५ चा कायदा करणाऱ्यांपुढेही बहुधा असेच चित्र असावे. त्या कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार मानले व सरकारी आणि अनुदानित शिक्षणसंस्थांत तीन टक्के जागा राखल्या. परंतु आमच्या नंदुरबारकडील पुष्कळ मुलांचे दुखणे त्या सातांत बसत नव्हते.

हे दुखणे सिकलसेलचे. रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात व बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडे ठणकतात, थकवा येतो. वरून पाहावे तर मूल धडधाकट! २०११ च्या शिरगणतीत ज्या जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी निघाले, तेथील भिल्ल, पावरा, मावची घरांत हा रोग ओळखीचा आहे. निलगिरीच्या आदिवासींत तो १९५२ साली आढळला होता. अपंगत्वाच्या कायद्यात यायला मात्र त्याला चौसष्ट वर्षे लागली.

२०१६ च्या कायद्याने सातांचे एकवीस प्रकार केले, त्यांत सिकलसेल आला. कलम ३२ अन्वये उच्च शिक्षणात पाच टक्के जागा व वयाची पाच वर्षांची सवलत मिळाली. अट एकच, दाखल्यावर किमान चाळीस टक्के अपंगत्व हवे. पण कलम ३४ मधील नोकरीच्या राखीव जागांत रक्ताचे विकार नाहीत. म्हणजे कॉलेजचे दार उघडले, कचेरीचे लोटलेलेच राहिले.

मग चाळीसच्या खाली असणाऱ्याने काय करावे? ११ फेब्रुवारी २०२१ रोजी, लिहिताना हात आखडणाऱ्या एका परीक्षार्थीच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की परीक्षेत लेखनिकासारखी वाजवी सोय मिळण्याचा हक्क या चाळीस टक्क्यांना बांधलेला नाही.

आम्हांस हा निकाल मोलाचा वाटतो. चाकाच्या खुर्चीला रॅम्प लागतो. धडगावच्या डोंगरातून शिकायला आलेल्या सिकलसेलग्रस्त मुलीला खालच्या मजल्यावरचा वर्ग, जवळ पाणी आणि इस्पितळात गेलेल्या दिवसांची हजेरी लागते. यांत दयेचा प्रश्न नाही. तेव्हा अशी मुलगी वर्गात दिसली नाही, तर तिला आळशी ठरवण्यापूर्वी आपण तिची विचारपूस करावी, एवढीच आमची विनंती.