थंडीतली गाडी आणि 1912 चा ‘सेल्फ’

पौषातल्या पहाटे, सातपुड्याच्या पायथ्याच्या अकोटात गाडी सुरू होत नसेल, तर ते दुखणे मोटारीच्या इतिहासाइतकेच जुने आहे. पूर्वी इंजिन हँडल मारून फिरवावे लागे. उलटा झटका बसला की मनगट मोडे. 1912 साली कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विद्युत सेल्फ-स्टार्टर आला. आपण आजही ‘सेल्फ मारतो’, तो हाच. मनगटाचे काम बॅटरीकडे गेले; पण थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते, ऑइलही घट्ट होते. म्हणून इंजिन रेंगाळत फिरले, तर आधी बॅटरी आणि तिचे टर्मिनल पाहावेत. जोमाने फिरूनही पेट घेत नसेल, तर पेट्रोल गाडीत स्पार्क प्लग, डिझेलमध्ये ग्लो प्लग तपासावा. सेल्फ मारतच राहिल्यास उरलीसुरली बॅटरीही उतरते.