यंत्र बदलले, मांडणी टिकली

दीपनगरच्या औष्णिक केंद्रातली वीज कोणत्याही कंपनीच्या दिव्याला चालते. संगणकाच्या तयार प्रोग्रॅमचे तसे नाही. तो एकाच जातीच्या प्रोसेसरची भाषा बोलतो. मग संगणक बदलला की घरातल्या गाण्या-चित्रपटांची मांडणी मोडायची का?

'एक्सबीएमसी'चा इतिहास पाहा. एक्सबॉक्स हे खेळाचे यंत्र २००१ मध्ये आले. त्याची स्मृती अवघी ६४ मेगाबाइट. हौशी मंडळींनी त्यावर चित्रपट दाखवणारा हा प्रोग्रॅम लिहिला. पुढे मोठ्या, सुस्पष्ट चित्रफिती त्या यंत्राला पेलेनात. पण प्रोग्रॅमचे मूळ लिखाण सर्वांना खुले होते. म्हणून २००७ मध्ये ते लिनक्सवर नेण्याचे काम सुरू झाले. नंतर २०१२ च्या स्वस्त रास्पबेरी पायवरही तो चालला. त्याचा प्रोसेसर निराळ्या जातीचा, तरी त्याच लिखाणाचे नव्या यंत्रभाषेत रूपांतर करता आले. २०१४ मध्ये नाव 'कोडी' झाले.

यंत्रे जुनी होतातच. मूळ लिखाण कुलुपात असते, तर काय झाले असते? वर्गात विचारून पाहा.