न्यूयॉर्कचे पहिले वर्ष, परळचे पहिले वर्ष

समुद्रपूरला समुद्र नाही. वर्धा जिल्ह्यातला आमचा हा तालुका कापूस, सोयाबीन आणि तुरीचा. जाम चौरस्त्यावरून नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो आणि बाहेरच्या जगाशी इथल्या वस्त्यांचा संबंध बहुतेक त्याच रस्त्याने येतो. तरीही गेली काही वर्षे आम्ही इथल्या मुलामुलींचे परदेशी शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेत आहोत. त्या कामातून एक प्रश्न आमच्यासमोर उभा राहिला, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही १९१३ सालापर्यंत जाऊन पोहोचलो.

प्रश्न असा. एका गावातील बौद्ध कुटुंबाची सून ब्रिटनमधील विद्यापीठात निवडली गेली. पदरी तीन वर्षांचा मुलगा. नवरा हंगामी कामावर, सासू मजुरीला जाणारी. कागदपत्रे जमली, जामीनदार मात्र मिळेना. ज्याच्या नावावर काही आहे तो सही करायला तयार नाही, आणि जो तयार आहे त्याच्या नावावर काही नाही. शेवटी तोही मिळाला. घरात बैठक बसली तेव्हा सासू एवढेच म्हणाली, "पोराले मी सांभाळतो, तू जाय माय."

सप्टेंबरात सून गेली. ऑक्टोबरात कापसाची वेचणी सुरू झाली. वर्षातले चार पैसे हातात येण्याचे तेच दिवस. सासू त्या वर्षी वेचणीला गेली नाही, कारण नातू घरी होता. तिकडे घरभाडे आगाऊ द्यायचे होते आणि पैसे हातात पडायला उशीर झाला, म्हणून इकडून उसनवारी करून पैसे पाठवले गेले. गावात सत्काराचा फलक लागला. त्यावर सुनेचा फोटो होता, पुढाऱ्यांचे होते. भाषणांत नवऱ्याला देवमाणूस म्हटले गेले, कारण त्याने बायकोला शिकायला पाठवले. सासूचे नाव कोणी घेतले नाही.

आम्हीही त्या मंचावर होतो. आम्हीही घेतले नाही.

परत येताना वाटले, ही सवय आपल्याला कुठून लागली? कोणी परदेशी गेले की जाणाऱ्याचे वर्ष तेवढे आपण मोजतो. ज्या घरातून तो किंवा ती जाते, त्या घराचेही ते पहिले वर्षच असते. ते कोण मोजते?

एका महिन्याचे साडेअकरा पौंड

बाबासाहेबांचे न्यूयॉर्कमधील पहिले वर्ष आपल्याला बऱ्यापैकी माहीत आहे. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजी सकपाळ वारले. बडोद्याची नोकरी नुकतीच सुरू झाली होती, ती तिथेच थांबली. ४ जून १९१३ रोजी बडोदा संस्थानाशी करार झाला: अमेरिकेत शिक्षण घ्यायचे आणि परत येऊन संस्थानात दहा वर्षे नोकरी करायची. महाराज सयाजीराव गायकवाडांनी दिलेली शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांसाठी. जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले.

तिथे आधी हार्टले हॉल या वसतिगृहात राहिले. जेवण मानवेना म्हणून आठवडाभरात कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले, पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये. तिथे नवल भथेना हे पारशी सहाध्यायी भेटले आणि ती मैत्री जन्मभर टिकली. चरित्रकार हेही सांगतात की सुरुवातीचे काही महिने बाबासाहेब नव्या मोकळेपणात रमले होते. आयुष्यात पहिल्यांदाच सर्वांसोबत एका टेबलावर बसून जेवता येत होते, कोणी जात विचारत नव्हते. बावीस वर्षांच्या तरुणाला त्याचे अप्रूप वाटले तर नवल काय? मग आपण कशासाठी आलो आहोत याची जाणीव झाली आणि पुढचा अभ्यास अठरा-अठरा तासांचा झाला. अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान असे विषय त्यांनी घेतले. १९१५ मध्ये एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला.

आता त्या साडेअकरा पौंडांकडे पाहू. त्या काळी एका पौंडाचे पंधरा रुपये होत, म्हणजे रक्कम सुमारे १७२ रुपये. मुंबईच्या कामगार वस्तीत ही रक्कम मोठी वाटेल, पण ती न्यूयॉर्कमध्ये खर्च व्हायची होती. तिथे तिचे साधारण ५६ डॉलर होत. त्यातून खोली, जेवण, कपडे, पुस्तके, आणि त्यातूनच घरी पाठवायचे पैसे. धनंजय कीरांनी बाबासाहेबांच्या तिथल्या जेवणाचे वर्णन केले आहे: एक कप कॉफी, दोन मफिन आणि माशाची किंवा मांसाची एक बशी. ही काटकसर पुस्तकांसाठी होती तशीच परळसाठीही होती. रुपया आणि पौंड यांचे नाते काय असते, हे पुढे १९२३ साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' लिहिणाऱ्या अर्थतज्ज्ञाने आधी स्वतःच्या मनिऑर्डरीत अनुभवले होते, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

परळच्या चाळीत

त्याच जुलै महिन्यात परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत काय चालले होते?

यशवंतरावांचा जन्म १२ डिसेंबर १९१२ चा. म्हणजे वडील बोटीत बसले तेव्हा बाळ सात महिन्यांचे होते. माता रमाईंचा जन्म प्रचलित नोंदीप्रमाणे १८९८ चा धरला, तर त्या वेळी त्या जेमतेम पंधरा वर्षांच्या होत्या. हा आकडा आम्ही अनेकदा ऐकला होता, पण त्याचा अर्थ कधी नीट मनात घेतला नव्हता. पंधरा वर्षांची मुलगी, कडेवर सात महिन्यांचे मूल, सासरे पाच महिन्यांपूर्वी वारलेले, नवरा सातासमुद्रापार. आज आमच्या तालुक्यात पंधरा वर्षांची मुलगी दहावीच्या वर्गात असते.

रामजींची पेन्शन त्यांच्याबरोबर संपली. या पेन्शनीने ते घर आणि मुलाचे शिक्षण उभे राहिले होते. पुस्तकांसाठी मुलींचे दागिने गहाण ठेवणारा बाप होता तो. आता भार वडील बंधूंच्या तुटपुंज्या कमाईवर आणि अमेरिकेहून येईल त्यावर. टपाल बोटीने येई, पत्राला कित्येक आठवडे लागत. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि समुद्र आणखी धोक्याचा झाला. १९१७ साली बाबासाहेब परतले तेव्हा त्यांचे सामान घेऊन येणारे जहाज पाणबुडीने बुडवले, हे आपण वाचलेच आहे. त्याच समुद्रावरून येणाऱ्या पत्राची वाट पाहत परळमध्ये एक घर चार वर्षे जगत होते.

या घराच्या पहिल्या वर्षाची रोजनिशी नाही. तुलना करायची तर १८८३ साली अमेरिकेला गेलेल्या आनंदीबाई जोशींची करा. त्यांची आणि गोपाळरावांची पत्रे जपली गेली, त्यांवरून काशीबाई कानिटकरांनी चरित्र लिहिले. लिहिता-वाचता येणाऱ्या जातींकडे कागद असतो, म्हणून त्यांचा इतिहास 'पुराव्यासह' असतो. आमच्या आयाबायांकडे अक्षर पोहोचू दिले गेले नव्हते, म्हणून त्यांच्या वाट्याला गाणी आणि आठवणी आल्या. न्यूयॉर्कहून वडिलांच्या एका स्नेह्याला लिहिताना बाबासाहेबांनी मुलींच्या शिक्षणाचा आग्रह धरला होता. त्या पत्रामागे परळच्या खोलीतली ती पंधरा वर्षांची मुलगीही असावी, असे आम्हाला वाटते.

त्याग की ऋण?

आता मुख्य मुद्दा. रमाईंविषयी आपण बोलतो तेव्हा एकच शब्द वापरतो: त्याग. 'त्यागमूर्ती' हा शब्द आदराने येतो, त्याबद्दल शंका नाही. पण या शब्दाने काय होते ते पाहा. त्याग म्हटला की तो देणाऱ्याच्या मोठेपणाचा भाग होतो. घेणाऱ्यावर काही देणे उरत नाही. हात जोडले, हार घातला, हिशेब संपला. सोसण्याला पुण्य म्हणायचे आणि श्रमाचा मोबदला टाळायचा, ही रीत आपल्याला चांगलीच ओळखीची आहे. गावकीच्या कामाला 'मान' म्हणत, आणि त्या मानाच्या नावाखाली महारांकडून वेठबिगार करून घेत. वतनाच्या बाबतीत हा डाव ओळखणारे आपण, घराच्या बाबतीत तो का ओळखत नाही?

स्वतः बाबासाहेबांनी कोणता शब्द वापरला? ३ फेब्रुवारी १९२८ च्या 'बहिष्कृत भारत'मध्ये त्यांचा 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' हा लेख आहे. लेख पाक्षिकावरील कर्जाचा आहे. पण त्यात ते आपल्या घराविषयीही लिहितात: आपण परदेशी असताना प्रपंचाची काळजी पत्नीने रात्रंदिवस वाहिली, आणि आपण परतल्यावर विपन्नावस्थेत शेणाचे भारे डोक्यावरून वाहून आणायलाही तिने मागेपुढे पाहिले नाही. अशा पत्नीला आपण दिवसातला अर्धा तासही देऊ शकत नाही, अशी कबुलीही देतात.

दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, शेणाच्या भाऱ्यांची ही आठवण परतल्यानंतरच्या दिवसांची आहे. आपण ती सरसकट परदेशाच्या वर्षांना जोडतो. आदर असला तरी तपशील नीट ठेवला पाहिजे. दुसरी, आणि अधिक महत्त्वाची: हे सर्व ज्या लेखात येते त्याच्या शीर्षकात 'ऋण' आहे. ऋण फेडायचे असते. बाबासाहेब समाजापुढे हिशेब मांडत होते. आपण त्या हिशेबाची आरती करून टाकली.

कोणी म्हणेल, हा घरातला प्रश्न आहे, चळवळीचा नाही. आम्हाला हे मान्य नाही. बडोद्याच्या करारावर सही एकाची होती, पण तो करार निभावला एका घराने. त्या घराने वर्ष काढले नसते तर 'कास्ट्स इन इंडिया' लिहून झाला असता का? ज्या निबंधापासून आपण जातीचे शास्त्र शिकतो, त्याचा काही खर्च परळच्या चाळीत झाला आहे.

आज काय करायचे?

आजच्या योजनांकडे याच नजरेने पाहा. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे, महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना आहे. त्यांनी आपली असंख्य मुले परदेशी शिकली, हे कोणीही नाकारणार नाही. पण पात्रता ठरवताना कुटुंब मोजले जाते: केंद्राच्या योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ८ लाख रुपये आहे. रक्कम देताना मात्र कुटुंब गायब होते. फी, निर्वाह, प्रवास, विमा, सगळे एकट्या विद्यार्थ्याचे. घरातला कमावता किंवा सांभाळणारा माणूस गेल्याने जी मजुरी बुडते, ती कोणत्याच रकान्यात येत नाही. दुसरीकडे ब्रिटनने १ जानेवारी २०२४ पासून संशोधन अभ्यासक्रम आणि सरकारी शिष्यवृत्तीवाले वगळता बहुतेक विद्यार्थ्यांना जोडीदार आणि मुले सोबत नेण्यास बंदी केली आहे. कर्ज काढून जाणाऱ्या आपल्या मुलामुलींचे घर त्यामुळे पुन्हा १९१३ सारखे दोन टोकांना विभागले जाणार आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. निघण्यापूर्वी पहिला हप्ता हातात पडावा. ज्यांच्या घरी लहान मूल किंवा वृद्ध आहेत त्यांना निदान पहिल्या वर्षी घरासाठी निर्वाहभत्ता मिळावा. भूमिहीनांच्या मुलांकडे मालमत्तेचा जामीनदार मागू नये. ज्याच्या आजोबाला जमीन मिळू दिली नाही, त्याच्याकडे सातबारा मागणे हा विनोद आहे.

आणि काही काम आपले स्वतःचे आहे. शासनाकडे बोट दाखवून ते टळणार नाही. विहाराच्या दानपेटीतून मंडप आणि डीजेला पैसे निघतात, तसे परदेशी गेलेल्याच्या घराला पहिल्या वर्षाची उचलही देता येईल. पुरुष मागे राहिला तर देवमाणूस आणि बाई मागे राहिली तर रिवाज, ही दुटप्पी मोजमापे आपण बंद करायला हवीत.

त्या सासूकडे आम्ही नंतर गेलो. सत्कारात नाव घेतले नाही याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. ती हसली आणि म्हणाली, "माह्यं नाव राहू द्या. वेचणीचे पैसे बुडाले ते लिहा." आम्ही वही काढली आणि लिहून घेतले: किती दिवस, किती मजुरी, कोणाकडून किती उसने. ७ फेब्रुवारीला रमाई जयंतीला हार घालण्याआधी आपापल्या वस्तीतल्या अशा एका घराचा हिशेब लिहून आणा, एवढीच विनंती. परळचा हिशेब लिहायचा राहून गेला. समुद्रपूरचा राहू नये.

जय भीम!