वेड, विषाद आणि दप्तर : सर्वसामान्य मनोविकारांच्या इतिहासाची साधने

भारतातील मानसिक आरोग्याचा इतिहास लिहिताना अभ्यासक बहुधा वेड्यांच्या इस्पितळांच्या दप्तरापासून आरंभ करतात. ही साधने विपुल आहेत. पण त्यांत कोण नोंदले गेले, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. १८५८ च्या कायद्यानुसार मोकाट फिरणाऱ्या वा धोकादायक वाटणाऱ्या वेडसर इसमास पोलिसांनी दंडाधिकाऱ्यापुढे हजर करावयाचे असे. म्हणजे दप्तरात आला तो ज्याचा इतरांना उपद्रव झाला तो. महिनोन्‌महिने झोप न लागूनही वेळेवर कचेरीत जाणारा कारकून, छातीत धडधडते म्हणून घाबरणारी गृहिणी किंवा मंत्रचळाने पुन्हा पुन्हा हात धुणारा विद्यार्थी त्यात सापडत नाही. १९१२ च्या कायद्याने स्वेच्छेने दाखल होण्यास वाव दिला, तरी 'वेड' हीच चौकट राहिली.

ही चौकट सर्वस्वी परकी होती, असेही म्हणता येणार नाही. चरकसंहितेत उन्मादाचे पाच प्रकार सांगितले आहेत. आपल्या भाषेतील 'वेड' त्याच्याशी जुळते. विषाद व निद्रानाश मात्र तेथे वाताच्या ऐंशी विकारांत, अंगदुखीच्या विविध प्रकारांबरोबर येतात. ही वर्गवारी आजच्या निदानशास्त्राची पूर्वसूरी ठरविण्याचा मोह टाळावा. तरीही मनाचे दुखणे शरीराच्या भाषेत सांगितले जाते, हे तीवरून जाणवते. आजही रुग्ण 'उदास वाटते' असे क्वचितच म्हणतो. 'अंगात शक्ती नाही, डोके जड आहे' असे म्हणतो.

पाश्चात्त्य मनोविकारशास्त्राचे लक्षही दीर्घकाळ तीव्र विकारांवरच होते. क्रेपेलिनने १८९९ मध्ये पुढे छिन्नमनस्कता म्हणून ओळखला गेलेला विकार आणि उन्माद-अवसाद यांत भेद केला, तो इस्पितळातील रुग्णांच्या आधारे. १९८० च्या अमेरिकन वर्गीकरणाने लक्षणांची संख्या व कालावधी निश्चित केला. खिन्नता किंवा कशातच रस न वाटणे यांपैकी एक आणि भूक, झोप, थकवा, एकाग्रता, अपराधभाव, मृत्यूचे विचार यांसारखी इतर लक्षणे किमान दोन आठवडे टिकली, तर नैराश्यविकार मानावा, असा दंडक रूढ झाला. या दंडकामुळे विकार मोजता येऊ लागला, हे त्याचे मोठे श्रेय होय. दुःखाचा संदर्भ त्यात निसटतो, हा आक्षेपही रास्त आहे.

भोर समितीच्या १९४६ च्या अहवालानुसार देशभरातील मनोरुग्णालयांत सुमारे १० हजार खाटा होत्या. १९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाने प्राथमिक आरोग्य केंद्राकडे वळण्याचे धोरण स्वीकारले. तरी २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सर्वसामान्य मनोविकारांचे सुमारे ८५ टक्के रुग्ण उपचारांबाहेर आढळले.

या दृष्टीने गोव्यातील 'मानस' प्रयोग इतिहासकारानेही पाहावा असा आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २४ दवाखान्यांत नैराश्य व चिंताविकारांची चाळणी झाली. वैद्यकीय पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक समुपदेशकांनी रुग्णांना त्यांचे दुखणे समजावून सांगितले. सरकारी केंद्रांत बरे होणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीय वाढले. खासगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही. ज्यांची नोंद १८५८ नंतरच्या दप्तरात नव्हती, ती माणसे येथे ताप-खोकल्याच्या रांगेतच बसलेली आढळली.