३०० तासांचं गणित

इथल्या देशी घरांत राउटरशेजारी एक डबी हमखास दिसते. घरच्या नेटवर्कला जोडलेली, चार डिस्कची. बारशापासून आजीच्या पंच्याहत्तरीपर्यंतचे सगळे फोटो तिच्या पोटात. "रेड आहे रे, एक डिस्क गेली तरी काही होत नाही," असं मालक मला छातीठोकपणे सांगतो. ते खरंही आहे. पण एकच!

गोष्ट १९८८ची. बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी शिकागोच्या सिगमॉड परिषदेत एक निबंध मांडला. मोठ्या संगणकांच्या डिस्क तेव्हा अवाढव्य आणि महाग. पीसीसाठी मात्र १०० मेगाबाइटच्या स्वस्त डिस्क आल्या होत्या. मग अशा शंभर का जोडू नयेत? एका डिस्कचं सरासरी आयुष्य ३०,००० तास धरलं, तर शंभरातली पहिली सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच जाणार. म्हणून नाही!

उपाय होता पॅरिटी. तीन डिस्कवर १, ०, १ असेल, तर चौथीवर असा आकडा लिहायचा की १ची एकूण संख्या सम राहील. इथे ०. आता पहिली डिस्क गेली, तर उरले ०, १, ०. सम व्हायला १ हवा, म्हणजे हरवला तो १. ही कल्पना त्याआधीची. आयबीएमच्या नॉर्मन केन ऊची यांचं पेटंट १९७८चं आहे. बर्कलीकरांनी तिला पाच पातळ्यांत बसवलं आणि 'रेड' हे नाव दिलं.

पण एका समीकरणातून दोन अज्ञात सुटत नाहीत. मेलेली डिस्क लगेच बदलली जाईल, हे त्या गणितात गृहीत आहे. आपल्याकडे लाल दिवा लागतो, फोटो तरीही दिसतात, आणि डिस्क 'पुढच्या वीकेंडला' आणायची राहते. तेवढ्यात दुसरी जाते.

तरी धीर सोडू नये. अशा पुष्कळ डब्यांत आत लिनक्स असतं. ते प्रत्येक डिस्कवर संचाची ओळख, डिस्कची जागा आणि बदलांचा एक मोजणी-आकडा लिहून ठेवतं. डबी जळली तरी डिस्क दुसऱ्या लिनक्स संगणकावर बहुधा जुळवता येतात. दोन डिस्क बाहेर पडल्या असतील तर आकड्यावरून कळतं, शिळी कोणती आणि ताजी कोणती. मात्र आधी प्रत्येक डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढा आणि खटाटोप नकलेवरच करा. 'नवा संच तयार करा' हे बटण चुकूनही दाबू नका.

आणि चुकून पुसलेला फोटो कुठलीच पॅरिटी परत आणत नाही. त्यासाठी दुसरी प्रत हवी, तीही दुसऱ्या घरात. पुण्याला भावाकडे असली तर उत्तमच.